हौसेखातर एक कॅमेरा

आमच्या घरात शाईच्या दोन दौती होत्या. निळी रोजच्या वापराची, आणि काळी फक्त फॉर्म भरण्याची. काळ्या दौतीला नानांखेरीज कोणी हात लावायचा नाही. नाना म्हणजे माझे वडील. ते ठाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि कल्याणच्या आमच्या चाळीतच नव्हे तर पुढच्या दोन आळ्यांतही ज्याला सरकारशी, रेल्वेशी किंवा शाळेशी कागदोपत्री बोलायचं असे, तो रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसे. नाना आधी हात धुवत, धोतराच्या सोग्याने कोरडे करत, टाकाचं निब उजेडात धरून पाहत आणि मगच दौतीचं बूच काढत. त्यांचं अक्षर इतकं नेटकं होतं की त्या अक्षरातला नकारसुद्धा लोकांना मंजुरीसारखा वाटे. त्यांचा एक नियम होता, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, ते म्हणत, कोणीही आत येऊन काहीही लिहून जाईल. जिथे लिहिण्यासारखं काही नसे तिथे ते ‘निरंक’ लिहीत. एका म्हाताऱ्या गड्याच्या अर्जात ‘स्थावर मालमत्ता’ या शब्दांपुढे त्यांनी असंच निरंक लिहिलं. त्याने तो कागद कपाळाला लावला. एवढं सुरेख लिहिलंय त्या अर्थी आपल्या नावावर काहीतरी असलंच पाहिजे, अशी त्याची समजूत झाली असावी.

अशा घरात मी जकात नाक्यावरची दोन वर्षांची नोकरी सोडून फोटोग्राफर व्हायचं ठरवलं. नोकरीत वाईट असं काही नव्हतं. दिवसभर बैलगाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी मोजलेल्या बैलगाड्यांची बेरीज करायची. पण आंबिवलीला एक इंजिनियर बदली होऊन चालला होता आणि त्याला त्याचा घडीचा कॅमेरा विकायचा होता. तो मी एकदा हाताळायला म्हणून घेतला आणि मग परत देववेना. दोन वर्षांची शिल्लक त्यात गेली. नानांनी आरडाओरडा केला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. धंदा करणारी माणसं वाईट नसतात, एवढंच ते म्हणाले, फक्त ती आपल्यातली नसतात. आमच्या सात पिढ्यांत कोणी काही विकलेलं नव्हतं. बहुतेक विकण्यासारखं काही नसल्यामुळे, पण नाना त्याला परंपरा म्हणत. शेवटी एक वर्ष ठरलं. वर्षभरात माझं मला भागलं नाही तर त्यांच्या कचेरीत उमेदवार कारकुनाची जागा होती, साहेबांशी बोलणं झालेलं होतं. तोवर कोणी विचारलं की ते सांगत, हौस आहे त्याला, काढतो फोटो. मी चार आण्यांच्या रंगात माझ्या नावाची पाटी रंगवली होती, ‘फोटोग्राफर. लग्न, मुंज, कुटुंबचित्रे.’ ती दाराबाहेर लागली नाही. ती खाटेमागे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शिक्षा झालेल्या मुलासारखी.

घराला मात्र हौस आणि धंदा यांतला फरक कळत नव्हता, सगळीकडे माझाच पसारा. मोरीशेजारी लाकडं ठेवायची एक कोंदट जागा होती, तिची मी अंधारखोली केली. युद्धाच्या दिवसांत दिवे बाहेर दिसू नयेत म्हणून खिडक्यांना लावलेला काळा कागद आईने जपून ठेवला होता, तो फटींना चिकटवला. दाराला दोन गोधड्या टांगल्या. तिथे वीज नव्हती, म्हणून कंदिलाच्या काचेला लाल रंग दिला. आईच्या दोन इनॅमलच्या थाळ्या औषधांत बुडाल्या त्या कायमच्या. फोटो पक्के करायच्या हायपोचे खडे हुबेहूब खडीसाखरेसारखे दिसतात, तेव्हा त्या बरणीच्या गळ्याला आईने लाल दोरा बांधला आणि ती देव्हाऱ्यापासून लांब ठेवली. नैवेद्याच्या दुधात हायपो पडला तर देव धुऊन निघतील, असं ती म्हणे. कढीला फोडणी बसली की आत माझ्या औषधांना हिंगाचा वास यायचा आणि मी ओला हात घेऊन जेवायला बसलो की कढीला औषधांचा. पलीकडच्या रेल्वे यार्डात दिवसभर वाफेची इंजिनं डबे ढकलायची. त्यांचा धडाम धडाम आवाज आम्हाला ऐकूही येईनासा झाला होता, पण काजळी यायची ती थेट माझ्या वाळत घातलेल्या निगेटिव्हवर बसायची. छापताना नवरीच्या गालावर पांढरे ठिपके उमटायचे आणि मी बारीक कुंचल्याने ते एकेक काळे करत बसायचो. कल्याणच्या त्या काळच्या निम्म्या नवऱ्यामुलींचे गाल माझ्या हाताने दुरुस्त झालेले आहेत.

फोटो मला काढता येत होते. धंदा येत नव्हता. सुशिक्षित घरातल्या मुलाने पैशाचा विषय स्वतः काढायचा नाही, हे बाळकडू. गिऱ्हाईक विचारी, किती द्यायचे? मी म्हणे, द्या हो सावकाश, घाई काय. लोकांनाही घाई नव्हती. ही खोड मोडली ती हिराबाईने. हिराबाई खाडीवरच्या कोळीवाड्यातली, मासळीची मोठी पाटी घेऊन बाजारात बसणारी. आम्ही मासे खाणारे नव्हतो, पण तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला हळदीपासून वरातीपर्यंत सगळे फोटो पाहिजे होते. मी नेहमीप्रमाणे पैसे मागाहून द्या म्हणालो. तिने माझ्याकडे, शिळं पापलेट बघावं तशी, नजर टाकली.

“मासली गिऱ्हाइकाच्या हातान दिली का पैसे इसरतो तो. आधी इसार घे, मंग हात लाव. आनि कागदावर लिव, किती फोटो, कवा देनार. मना वाचता येत नाय, पन कागद पाहिजे.”

तिने तिथल्या तिथे कनवटीचे दहा रुपये काढून दिले, खवल्यांसकट. मी घरी येऊन कागद लिहिला, दोन प्रती केल्या. धंद्याचे सगळे धडे त्या चार वाक्यांत होते. पुढे मी त्या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तकं वाचली, त्यांत याहून जास्त काही नव्हतं, पानं मात्र पुष्कळ होती. हल्ली वर्तकनगरहून माझा पुतण्या त्याच्या होतकरू मित्रांना घेऊन येतो. ती मुलं मला भिंगांविषयी विचारतात. मी त्यांना विचारतो, इसार घेता का? विमा उतरवलाय का? ती पुतण्याकडे बघतात. काकांचं वय झालं, असा त्या बघण्याचा अर्थ असतो आणि तो बरोबरही असतो.

विमा माझ्या डोक्यात आला तो एजंट बाबूरावांमुळे. बाबूराव नानांच्या शाळेतले सोबती. उन्हाळ्यातही काळा कोट, काखेत कातडी बॅग, आणि बोलायला लागले की जणू आपल्याच अंत्ययात्रेतलं भाषण. मनुष्य जातो नाना, मागे काय राहतं? असं ते आईने ठेवलेल्या पोह्यांची बशी रिकामी करत विचारत. त्यांची कंपनी स्वतःला अस्सल देशी म्हणवायची, त्यामुळे तिचे फॉर्म मराठीत होते. मागच्या अटी तेवढ्या इंग्रजीत होत्या, मुंगीच्या अक्षरात. घरातल्या सामानाचा आगीचा आणि चोरीचा विमा उतरवा, म्हणून ते वर्षभर मागे लागले होते. मी कॅमेऱ्याचं काढलं. त्याच्यावर माझं वर्ष टांगलेलं होतं, तो गेला तर दुसरा घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बाबूराव म्हणाले, धंद्याचा असेल तर वेगळा फॉर्म, हप्ता दुपटीहून जास्त. घरसामानात घातला तर काही प्रश्न नाही.

नानांनी हात धुतले, दौत उघडली. अर्जदार ते स्वतः, व्यवसाय सरकारी नोकरी. मग सामानाची यादी, भिंतीवरचं घड्याळ, आईचं शिवणयंत्र, आणि त्यांच्यामध्ये माझा कॅमेरा, त्याच्यावरच्या क्रमांकासह. पुढचा रकाना ‘वस्तूचा उपयोग’ असा होता. टाक तिथे जरा थांबला. बाबूराव छताकडे बघत होते. नानांनी लिहिलं, ‘हौसेखातर’. मी शेजारीच बसलो होतो. हप्ता कमी बसत होता आणि भांडण टळत होतं, तेव्हा मीही काही बोललो नाही. त्या एका शब्दाचे आम्ही दोघंही धनी, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे बरेच दिवस मी तो एकट्या नानांचा समजत होतो.

आग लागली ती दुपारी. हिराबाईच्या घरचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. नाना कचेरीत. मी छापलेले फोटो धुवायला नळावर गेलो आणि दहा मिनिटांत येतो म्हणून अंधारखोलीतला कंदील तसाच ठेवला. नळावर रांग होती. रांगेत एक बाई म्हणाली, आम्ही प्यायला पाणी भरतो आणि हे लोकांची तोंडं धुतात. त्यावर मी काही विनोदी उत्तर दिलं, ते तिला विनोदी वाटलं नाही आणि अर्धा तास गेला. परत येतो तो मोरीतून धूर. काळ्या कागदाने पेट घेतला होता, त्याच्यामागून गोधड्यांनी. आईने कपडे भिजवलेली बालदी सगळ्या साबणासकट आत ओतली होती आणि ती दुसरी भरत होती. तिच्या उजव्या मनगटावर भाजलं होतं. मी आधी तिचा हात धरला असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी कॅमेरा शोधला. आगीने त्याचा चामडी भाता खाल्ला होता आणि पाण्याने तापलेलं भिंग मधोमध तडकवलं होतं. बाजूला हायपोची बरणी तिच्या लाल दोऱ्यासकट शाबूत उभी होती.

नाना आले, त्यांनी आईचा हात पाहिला, जळलेली जागा पाहिली, आणि अंगरखाही न काढता विमा कंपनीला पत्र लिहायला बसले. त्या रात्री मी हिशेब मांडला नाही, मांडण्यासारखं काही नव्हतं. विम्याचे पैसे आले तर दुसरा कॅमेरा, नाही आले तर कचेरी. वर्षातले चार महिने उरले होते. दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात जाऊन हिराबाईला इसार परत देऊ लागलो. तिने पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला फोटो पाहिजे होते, कॅमेरा कोनाचा ते तिला काय करायचं होतं? कागदावर मीच लिहिलं होतं ना? तिने तो कागद डबीतून काढून मला उलटा धरून दाखवला.

कंपनीचा माणूस आठवड्याने आला. सोबत बाबूराव, कोट घालून. तो माणूस चाळिशीतला, शांत, थकलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या राखेत काठी घालून पाहणाऱ्या माणसाला जितकं सज्जन राहता येईल तितका सज्जन. त्याने अंधारखोली पाहिली, कॅमेऱ्याचा सांगाडा पाहिला, यादीशी क्रमांक ताडून पाहिला. मग तो पुढच्या खोलीत बसला. आईने बांधलेल्या हाताने त्याला चहा दिला. त्याने आपला कागद मांडीवर घेतला. धंद्याच्या वापरातली वस्तू या विम्यात बसत नाही, मागे अट आहे, असं त्याने सांगितलं, पण सांगताना तो कपाकडे बघत होता. हौशी माणसंही अंधारखोल्या करतात, तेही तो आपणहून म्हणाला. तो आमच्यासाठी दार उघडून धरत होता. ते मला दिसत होतं, आईला दिसत होतं, बाबूरावांना तर फारच दिसत होतं.

“तेव्हा कॅमेरा हौसेखातर,” तो नानांना म्हणाला. “बरोबर ना? तुम्ही हो म्हणा, मी लिहितो आणि निघतो.”

“अहो, पोराचा छंद तो,” बाबूराव म्हणाले.

नानांनी चष्मा काढला. “तो रकाना मी भरलाय,” ते म्हणाले. “आणि चुकीचा भरलाय.”

 यार्डात डब्यांवर डबे आदळले, आणि ते मला त्या दिवशी ऐकू आले.

“मुलगा फोटोग्राफर आहे. लोकांकडून पैसे घेऊन फोटो काढतो. आठ महिने झाले, त्याचाच धंदा करतो. वसंता, ती पाटी आण.”

मी हललो नाही. तेव्हा ते स्वतः उठले, खाटेमागून पाटी काढली, तिच्यावरची जळमटं धोतराने पुसली आणि त्या माणसासमोर भिंतीला टेकवून उभी केली. पाटीचं तोंड लोकांकडे झालं ते असं, आमच्याच दाव्याविरुद्धचा पुरावा म्हणून.

“नाना, एका शब्दाचा प्रश्न आहे,” बाबूराव हळूच म्हणाले.

“म्हणूनच,” नाना म्हणाले.

त्या माणसाने टाक खाली ठेवला. हे मी ऐकलं नाही असं धरू का, असं त्याने विचारलं. नाना म्हणाले, “ऐका आणि लिहा. आधीचं खोडू नका. खाली नव्या ओळीत लिहा, म्हणजे मला सही करता येईल.” आणि त्यांनी सही केली. कंपनीने यथावकाश दोन गोधड्या आणि एक फळी यांची भरपाई पाठवली. पत्र फार अदबशीर होतं.

मी तीन दिवस नानांशी बोललो नाही. चिडलो होतो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे मला संशय होता. एका सहीत त्यांनी आपला खरेपणा सांभाळला आणि मला कचेरीतही नेऊन बसवलं, असं मी मनात घोळवत होतो. सत्य बोलायला त्यांना नेमका माझाच कॅमेरा सापडला. तिसऱ्या दिवशी आई डाव्या हाताने थालीपीठ थापत होती, ते वेडंवाकडं होत होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. परवा ऐकला. आणि तू रुसून बसलायस.” मी म्हटलं, त्यांचं चुकणं मला महागात पडलं. ती म्हणाली, “मग स्वस्त हवं होतं का?” आणि थालीपीठ तव्यावर टाकलं.

त्याच दुपारी मी ठाण्याला गेलो. तिथे एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडे वापरात नसलेला एक कॅमेरा होता. लग्नाच्या मिळकतीतला निम्मा वाटा आणि काही मोडलं तर सगळी भरपाई, अशा अटी त्याने घातल्या. दोन महिन्यांपूर्वी मी लाजून मान डोलावली असती. मी म्हटलं, लिहून द्या. भाडं किती, दिवस किती, मोडलं म्हणजे काय मोडलं, आणि आत्ता काय काय मोडलेलं आहे. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोळणीकडे कामाला होतास का? निम्म्या वाट्याऐवजी तिसऱ्या हिश्श्यावर सौदा ठरला.

कॅमेरा घेऊन घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाटी अजून तिथेच होती, फक्त कोणीतरी तिला खिळ्यासाठी वर भोक पाडलं होतं. नाना पुढच्या खोलीत काळी दौत उघडून बसले होते. समोर बाबूरावांकडून मागवलेला दुसरा फॉर्म, धंद्याचा. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. अर्जदाराच्या जागी माझं नाव, पूर्ण, आजोबांसकट. व्यवसाय, ‘फोटोग्राफर’. वस्तूचा उपयोग, ‘उपजीविकेसाठी’. पत्ता, वय, घराच्या भिंती कशाच्या, पूर्वी कधी विमा नाकारला गेला होता काय, त्यापुढे ‘होय’ आणि कारण दीड ओळीत, सगळं त्या नेटक्या अक्षरात. मी खाली येत गेलो आणि थांबलो. कॅमेऱ्याचा क्रमांक, त्यापुढे काही नव्हतं. निरंकही नव्हतं.

“नाना, हा रकाना राहिला,” मी म्हटलं. तीन दिवसांतले त्यांच्याशी ते माझे पहिले शब्द.

“राहिला नाही,” ते म्हणाले. “ठेवलाय.”

मी हातातला कॅमेरा पुढे केला. त्यांनी मान हलवली. “तो दुसऱ्याचा. तुझा आला की भर.”

हिराबाईच्या मुलीचं लग्न मी त्या उसन्या कॅमेऱ्यावर काढलं. हळदीला कोळणी इतक्या नाचल्या की निम्म्या चित्रांत फक्त लुगड्यांचे काठ आले आहेत. हिराबाईने कागदाबरहुकूम फोटो मोजून घेतले, हललेलेसुद्धा. मग तिने तिच्या आळीतली आणखी तीन लग्नं मला दिली, प्रत्येकाचा इसार तिनेच वसूल केला. वर्ष संपलं तो दिवस आम्हा दोघांनाही माहीत होता. त्या दिवशी नाना कचेरीत गेले आणि मी एका मुंजीला गेलो. संध्याकाळी जेवताना अळूच्या भाजीत मीठ कमी आहे, यापलीकडे कोणी काही बोललं नाही. फॉर्म टेबलाच्या खणात तसाच पडून होता. नानांच्या खणात अर्धवट फॉर्म, ही गोष्ट त्यांना कितपत बोचत असेल, ते त्यांच्या टाकालाच ठाऊक.

कॅमेरा घ्यायला मला आणखी पाच महिने लागले. तो जुनाच होता, पण माझा होता. रविवार होता, दोनचार माणसं आपापले कागद घेऊन बसली होती. नानांनी त्यांना थांबायला सांगितलं, खणातून फॉर्म काढला, टिपकागद शेजारी ठेवला आणि काळी दौत माझ्यासमोर सरकवली. मी मोरीत जाऊन हात धुऊन आलो. क्रमांक सहा आकडी होता. शेवटच्या साताला नेहमीप्रमाणे माझ्या हातून लांब शेपूट गेलं, पार खालच्या ओळीत. नानांनी कॅमेरा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यावरचा एकेक आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहिला, शेपटाविषयी काही बोलले नाहीत, आणि शाईवर टिपकागद दाबून धरला.